एकच सूर्योदय, दोन वार

आपियाजवळचा फालेओलो विमानतळ आणि पागो पागोचा विमानतळ यांच्यातले हवाई अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. पहिला विमानतळ सामोआ या स्वतंत्र देशाच्या उपोलू बेटावर, तर दुसरा अमेरिकन सामोआच्या तुतुइला बेटावर. दोन्ही बेटे दक्षिण पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला १४ अंशांच्या आसपास आहेत. अंतराचा हिशेब सोपा आहे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत अर्ध्या अंशाचा फरक आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ५५ किलोमीटर. रेखांशांत १.३ अंशांचा फरक आहे, तो या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे १४० किलोमीटर भरतो. काटकोन त्रिकोणाच्या या दोन बाजूंचा कर्ण १५० किलोमीटरच्या थोडा पुढे जातो. एवढ्या लहान अंतरात पृथ्वीची वक्रता धरली नाही तरी उत्तर बदलत नाही. या बेटांमध्ये वर्षानुवर्षे उडणारे ट्विन ऑटर जातीचे छोटे विमान ताशी २८० ते ३०० किलोमीटर वेगाने जाते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरून प्रवास ३५ ते ४५ मिनिटांत आटोपतो.

प्रवासाला किती वेळ लागला, हे मात्र तारखा पाहून सांगता येत नाही. सामोआची प्रमाणवेळ ग्रिनिचच्या १३ तास पुढे आहे आणि अमेरिकन सामोआची ११ तास मागे. दोन्हींतला फरक बरोबर २४ तासांचा. म्हणून प्रवाशाला मनगटावरच्या घड्याळाचे काटे फिरवावे लागत नाहीत, वार तेवढा बदलावा लागतो. शनिवारी सकाळी १० वाजता फालेओलोहून निघालेले विमान शुक्रवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास पागो पागोला उतरते. उलट दिशेने शुक्रवारी दुपारी २ वाजता निघालेला माणूस शनिवारी पावणेतीनला पोहोचतो. दोन्ही वेळा त्याच्या आयुष्यातला पाऊण तासाहून जास्त वेळ खर्ची पडलेला नसतो. सूर्याचे पाहावे तर पागो पागो पूर्वेला असल्याने तिथे सूर्य सुमारे ५ मिनिटे आधी उगवतो. म्हणजे जिथे सूर्योदय आधी होतो, तिथलीच तारीख एक दिवस जुनी.

व्यापाऱ्याला किंवा सहलीला आलेल्या माणसाला याचे नवल वाटून ते विरून जाईल. पण सातव्या दिवशी काम थांबवायचे, शुक्रवारी एकत्र नमाज पढायचा किंवा अमुक वारी उपास करायचा, असे ज्यांचा धर्म सांगतो, त्यांच्यापुढे इथे खरा प्रश्न उभा राहतो. वार पवित्र असतो म्हणजे नेमके काय पवित्र असते? काळाचा तो तुकडा, त्याला दिलेले नाव, की सात-सात मोजत आलेली न तुटलेली गणती?

दोन बेटांमधली ही फट निसर्गाने पाडलेली नाही. युरोपीय जहाजांतून आणि मिशनऱ्यांबरोबर सामोआत कालगणना आली ती आशिया-ऑस्ट्रेलियाच्या बाजूची होती. पुढे अमेरिकेशी व्यापार वाढला आणि अमेरिकन व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून १८९२ साली सामोआने बाजू बदलली. त्या वर्षी ४ जुलै हा दिवस दोनदा पाळला गेला. १८९९ च्या करारान्वये बेटांची वाटणी झाली. पूर्वेकडचा भाग अमेरिकेकडे गेला आणि १७ एप्रिल १९०० रोजी तिथे अमेरिकेचा झेंडा चढला. पश्चिमेकडचा भाग आधी जर्मनीकडे, १९१४ पासून न्यूझीलंडकडे गेला आणि १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. राज्ये वेगळी झाली तरी वार शतकाहून अधिक काळ एकच राहिले. त्या काळात सामोआचा व्यवहार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी जुळत गेला आणि हजारो सामोअन कुटुंबे न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाली. सामोआत शुक्रवार असताना तिकडे शनिवारची सुट्टी, आणि सामोआ रविवारी चर्चमध्ये असताना तिकडे सोमवारचे कामकाज सुरू, अशी आठवड्यातल्या दोन दिवसांची तूट देशाला सोसावी लागत होती. पंतप्रधान तुइलाएपा सायलेले मालिएलेगाओई यांच्या सरकारने ती भरून काढायचे ठरवले. गुरुवार, २९ डिसेंबर २०११ च्या मध्यरात्रीनंतर सामोआत थेट शनिवार, ३१ डिसेंबर उजाडला. ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार त्या देशाच्या इतिहासात नाहीच. शेजारच्या तोकेलाऊनेही तसेच केले. अमेरिकन सामोआ जागचा हलला नाही.

सामोआतल्या बहुसंख्य ख्रिस्ती पंथांना याचा फारसा त्रास झाला नाही. ते रविवार मानत होते, पुढेही मानत राहिले. कसोटी लागली ती सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची. १८६३ मध्ये अमेरिकेत औपचारिक रूप घेतलेल्या या पंथाची ओळखच मुळी शब्बाथवर उभी आहे. सृष्टीची निर्मिती सहा दिवसांत झाली आणि सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला, म्हणून सातवा दिवस पाळायचा, रविवार नव्हे, अशी त्यांची श्रद्धा. शनिवार, २४ डिसेंबर २०११ रोजी त्यांनी शब्बाथ पाळला. त्यानंतर सरकारी दिनदर्शिकेतला शनिवार आला तो सहाव्याच दिवशी, ३१ डिसेंबरला. सात मोजून येणारा दिवस होता १ जानेवारी २०१२, आणि त्या दिवशी सामोआत रविवार होता.

पंथाच्या अधिकृत मंडळींनी गणती धरली आणि शब्बाथ रविवारी पाळायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे असे की दिवसाची खरी सीमा १८० अंश रेखावृत्तावर आहे. सामोआ १७२ अंश पश्चिमेला, म्हणजे त्या रेखावृत्ताच्या अमेरिकेकडच्या बाजूला आहे. सरकारने वाररेषा, म्हणजे वार बदलणारी रेषा, वाकवली म्हणून देवाचा दिवस वाकत नाही. त्यांच्यामागे टोंगाचे उदाहरणही होते. टोंगा भूगोलाने १८० अंशांच्या पूर्वेला असूनही व्यवहाराने आशियाच्या बाजूचे वार वापरतो, आणि तिथले ॲडव्हेंटिस्ट फार पूर्वीपासून रविवारीच शब्बाथ पाळत आले आहेत. सामोआतल्या काही अनुयायांना मात्र हे मान्य झाले नाही. शनिवारच्या निष्ठेपायी ज्यांनी शेजाऱ्यांहून वेगळे राहणे पत्करले, त्यांनी आता सगळ्या गावाबरोबर रविवारी चर्चला जावे, हे त्यांना पटेना. ते वेगळे झाले आणि देशात ज्या दिवसाला शनिवार म्हणतात तोच पाळू लागले. यात कुटुंबे दुभंगली, आणि हे सारे एका शासकीय निर्णयामुळे घडले. हा वाद बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटू शकतो, पण ज्या समाजाने एका दिवसावर आयुष्य बेतले आहे त्याच्यासाठी याहून मोठा प्रश्न नाही.

पागो पागोचे ॲडव्हेंटिस्ट शनिवारीच शब्बाथ पाळतात. त्यांचा शनिवार आणि आपियाचा रविवार म्हणजे काळाचा तोच तुकडा. म्हणून आपियात रविवारी उपासना करणारे आणि पागो पागोत शनिवारी उपासना करणारे एकाच वेळी प्रार्थनेला बसतात, फक्त त्या दिवसाचे नाव दोघांकडे वेगळे असते. आपियात शनिवारी उपासना करणाऱ्यांच्या दिवसाचे नाव पागो पागोशी जुळते, पण त्यांची प्रार्थना एक दिवस आधीच होऊन गेलेली असते. एकाने क्षण राखला आणि नाव सोडले, दुसऱ्याने नाव राखले आणि क्षण सोडला. दोन्ही राखायची सोय नाही.

अशी फट कुठे तरी पडणे अटळ आहे, हे माणसाला विमानाच्या फार आधी कळले होते. चौदाव्या शतकात सीरियातला भूगोलकार अबुल फिदा याने तीन माणसांचे उदाहरण घेतले. एक जागेवर थांबतो, एक पश्चिमेकडून आणि एक पूर्वेकडून पृथ्वीप्रदक्षिणा करून परततो. तिघे भेटतात तेव्हा थांबलेल्याच्या हिशेबाने शुक्रवार असेल, तर पश्चिमेला गेलेल्याच्या हिशेबाने गुरुवार आणि पूर्वेला गेलेल्याच्या हिशेबाने शनिवार असतो. तिघांच्याही मोजणीत चूक नसते. दोनशे वर्षांनी हे प्रत्यक्षात घडले. मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेले जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्द बेटांवर थांबले. वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेत्ताने एक दिवसही न चुकवता नोंद ठेवली होती, तिच्याप्रमाणे बुधवार होता. किनाऱ्यावर मात्र गुरुवार निघाला. जहाजावर ज्या ज्या दिवशी सण-उपास पाळले गेले, ते दिवस जमिनीवरच्या चर्चच्या दिवसांशी जुळत नव्हते. स्पेनच्या दरबारात असलेल्या गास्पारो कोन्तारिनी या व्हेनिसच्या राजदूताने याचे कारण उलगडून सांगितले. सूर्याच्या मागोमाग पृथ्वीला पूर्ण वेढा घालणाऱ्याचा एक सूर्योदय कमी होतो. नोंद चोख ठेवली म्हणून दिवस अचूक राहतोच असे नाही, हे श्रद्धाळू माणसाला तिथे प्रथम उमगले असावे.

भारतीय ज्योतिषाने हा प्रश्न याहून आधी आणि अधिक नेमकेपणाने मांडला होता. आर्यभटाच्या गोलविचारात विषुववृत्तावर ९०-९० अंशांवर चार नगरे कल्पिली आहेत : लंका, तिच्या पूर्वेला यमकोटी, पश्चिमेला रोमक आणि बरोबर खाली सिद्धपूर. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा यमकोटीत माध्यान्ह, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र. मग वार कधी बदलला म्हणायचे? सहाव्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिका'त या मतभेदाची नोंदच दिली आहे. लाटाचार्य यवनपुरातल्या सूर्यास्तापासून मोजतो, सिंहाचार्य लंकेतल्या सूर्योदयापासून, आणि आर्यभटाने एकदा लंकेतली मध्यरात्र धरली तर एकदा सूर्योदय. ठिकाण बदलले की वाराचा आरंभ बदलतो, म्हणून वाराचा अधिपती कोण हे सगळीकडे एकसारखे ठरत नाही, इथपर्यंत वराहमिहिर पोहोचतो. ग्रहांच्या नावांचा सात वारांचा आठवडा भारतात वेदकाळापासूनचा नाही. वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना ज्ञात भारतीय शिलालेख एरण इथला, बुधगुप्ताच्या काळातला, इ. स. ४८४ चा आहे, त्यात गुरुवार येतो. बाहेरून आलेली गणती आपली करून घेताना या शास्त्रकारांनी तिच्यातली ही अडचण डोळ्यांआड केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ज्यू परंपरेत हा प्रश्न ग्रंथापुरता राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात मीर इथल्या प्रसिद्ध येशिवाचे, म्हणजे ज्यू धर्मविद्यालयाचे, विद्यार्थी लिथुआनियामार्गे निसटून जपानमधल्या कोबे शहरात पोहोचले. १९४१ चा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा कडक उपास, जवळ आला आणि जपान नेमका कोणत्या दिवसात मोडतो असा प्रश्न त्यांना पडला. जेरुसलेममधल्या धर्मपंडितांच्या सभेने जपानी बुधवार, १ ऑक्टोबर सांगितला. हझोन इश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थोर पंडिताचे मत वेगळे होते. त्यांच्या मते धर्माची वाररेषा जेरुसलेमच्या ९० अंश पूर्वेला आहे आणि जपान तिच्या पलीकडे पडतो, म्हणून बुधवारी जेवा आणि गुरुवारी उपास करा. येखिएल मिखेल तुकाचिन्स्की या दुसऱ्या पंडितांनी ती रेषा जेरुसलेमच्या बरोबर मागे, १८० अंशांवर धरली होती. जीव वाचवून आलेल्या तरुणांना उपासाचा दिवस ठरवण्यासाठी तारा कराव्या लागल्या, आणि उत्तरे दोन आली.

या दोन रेषा सामोआवर ताणून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. हझोन इश यांची रेषा सुमारे १२५ अंश पूर्वेला आणि तुकाचिन्स्की यांची सुमारे १४५ अंश पश्चिमेला. पहिलीप्रमाणे आपिया आणि पागो पागो दोन्ही अमेरिकेच्या बाजूला पडतात, दुसरीप्रमाणे दोन्ही आशियाच्या. म्हणजे यांपैकी कोणतीही धार्मिक रेषा धरली तरी या दोन बेटांचा शब्बाथ एकाच क्षणी यायला हवा. त्यांना वेगळे करते ती सरकारी वाररेषाच. आणि त्या रेषेला कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन नाही. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त ठरवले, वाररेषा आखली नाही. कोणत्या बाजूला राहायचे हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथात वाट चुकून रानात अडकलेल्या आणि वाराचे भान हरपलेल्या माणसाविषयी चर्चा आहे. एक मत असे की त्याने आधी सहा दिवस मोजावेत आणि सातवा पाळावा. दुसरे मत असे की आधी एक दिवस पाळावा आणि मग सहा मोजावेत. मतभेद केवळ क्रमाचा आहे. त्याला खरा शब्बाथ सापडेल, असे कोणीच म्हणत नाही. तरीही पाळायचे सोडू नये यावर दोघांचे एकमत आहे. या साऱ्या वादातला सर्वांत सखोल विचार कदाचित हाच असावा.

पंचांगाकडे वळले की प्रश्नाचे रूप बदलते. तिथी ठरते ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावरून. हे अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. तिथी लागण्याचा आणि संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. ती साधारण २० ते २७ तासांची असते, म्हणून कोणत्या दिवसाला ती द्यायची हे स्थानिक सूर्योदयावरून किंवा चंद्रोदयावरून ठरवतात. सामोआच्या दोन बेटांवर सूर्योदयात ५ मिनिटांचाच फरक आहे. नेमक्या त्या ५ मिनिटांत तिथी बदलण्याचा विरळा योग सोडला, तर एकादशी दोन्हीकडे एकाच वेळी येते. तारीख आणि वार वेगळे असूनही उपास एकच. संकष्टीचेही तसेच, कारण ती चंद्रोदयावर बेतलेली असते. पण ती मंगळवारी आली की अंगारकी होते, आणि तिथे मात्र बेटांच्या वाटा वेगळ्या होतात. आपियात मंगळवार असेल तेव्हा पागो पागोत सोमवार असतो. चंद्र तोच, चतुर्थी तीच, पण अंगारकी एकाच बेटावर. सोमवती अमावास्या आणि गुरुपुष्यामृत यांनाही हाच न्याय लागू होतो. उत्तर अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न सौम्य रूपात येतच असतो. पुण्या-मुंबईत मंगळवारी अंगारकी असते, पण तिकडे चंद्र उगवेपर्यंत कधी कधी चतुर्थी संपलेली असते आणि संकष्टी आदल्या दिवशी, सोमवारी येते. अशा वेळी 'भारतात आहे म्हणून' अंगारकी धरणे भावनेला सुखावते, पण पंचांगाच्या नियमात बसत नाही. व्रत जिथे राहतो तिथल्या आकाशाशी बांधलेले असते.

यावरून पवित्र काळाचे दोन घटक वेगळे काढता येतात. तिथी आकाशात दिसते. दिनदर्शिका हरवली तरी चंद्र पाहून ती पुन्हा गवसते. वार आकाशात कुठेच दिसत नाही. शनिवारच्या सूर्यात रविवारच्या सूर्याहून वेगळे काही नसते. वार टिकतो तो माणसांच्या अखंड स्मरणात आणि एकमतात. वैशेषिक दर्शन इथे उपयोगी पडते. त्याचे सूत्रकार कणाद यांनी नऊ द्रव्यांत काल आणि दिक् दोन्ही घेतले. आधी-नंतर, एकाच वेळी, उशिरा, लवकर या प्रतीती म्हणजे कालाची लक्षणे. पण काल स्वतः एक, नित्य आणि अखंड. क्षण, दिवस, मास हे त्याचे तुकडे नव्हेत, सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे त्यात तसे भेद भासतात. ही भूमिका स्वीकारली तर आपिया आणि पागो पागो यांच्यात काळाची दरी नाही, उपाधीची आहे. विमानातला प्रवासी २४ तास मागे जात नाही, तो एका समाजाच्या गणतीतून दुसऱ्या समाजाच्या गणतीत जातो. तरुणही होत नाही आणि वृद्धही होत नाही.

सामोआतल्या ॲडव्हेंटिस्टांच्या वादाचा निवाडाही याच बाजूने करावा लागतो. रविवारी पाळणाऱ्यांचा सात मोजण्याचा आग्रह तर्काला धरून आहे, पण १८० अंशांचा त्यांचा आधार कच्चा आहे. ते रेखावृत्त ग्रिनिचवरून ठरले आणि ग्रिनिच माणसांनी निवडले. शिवाय २०११ पूर्वीची गणतीही सामोआत अखंड नव्हती. १८९२ मध्ये एक दिवस दोनदा मोजूनच ती रुळली होती. पहिला सरकारी बदल ज्या गणतीने पचवला, तिला दुसरा बदल पचवणे निषिद्ध आहे असे म्हणता येत नाही. शनिवारी पाळणाऱ्यांच्या बाजूनेही तेवढेच सांगता येते. देशाने जो सातवा दिवस मानला तो त्यांनी मानला. पण तो सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेला सातवा दिवस आहे, असा दावा त्यांनाही सिद्ध करता येणार नाही. खगोलशास्त्र यातल्या कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही. पृथ्वी गोल असल्याने गणतीत एक सांधा राहणारच, आणि तो कुठे ठेवायचा हे मंडळींनी मिळून ठरवायचे असते. आपियात शनिवारी प्रार्थना करणाऱ्याने रविवारी प्रार्थना करणाऱ्याला शब्बाथ मोडणारा म्हणावे, किंवा त्याने याला म्हणावे, असा अधिकार दोघांपैकी एकालाही नाही.